पाचपेडी वेणी

तन्वीने हुबेहूब मृदुलाची सर्व्हिस केली आणि सगळं स्टेडियम उभं राहिलं. गॅलरीत मृदुला मात्र लेकीचे मोकळे केस कसेबसे क्लिपमध्ये कोंबत होती.

निवृत्त होताना, करारात ठरल्याप्रमाणे, अकादमीने तिच्या हातातलं टेबल टेनिस काढून तन्वीच्या हातात भरलं होतं. "फक्त खेळ जाईल, बाई," डॉक्टर छातीठोकपणे म्हणाले होते. त्या दिवसापासून तिला लेकीची पाचपेडी वेणी काही जमेना. नुसता गुंता व्हायचा.

गेम संपला. बॉबकटवाली तन्वी प्रशिक्षकाचं ऐकत उभी राहिली. तिची बोटं, तिच्याही नकळत, टॉवेलच्या दशांशी चाळा करत होती.

"आई," लेक हरखून ओरडली, "ती बघ, माझी वेणी घालतेय!"