दोन्ही डावे

दार नुसतं लोटलेलं होतं, म्हणून धाकट्या नणंदेने बेल वाजवलीच नाही. वहिनीने मांडीवरचे हातमोजे उशीखाली सारायला घेतले, पण दमलेल्या हातांना चोरीही धड जमत नाही. लोकरीचा गुंडा घरंगळला तो थेट नणंदेच्या पायाशी जाऊन थांबला.

“वहिनी, माझं झालं का गं?” चपला काढता काढताच तिने विचारलं.

तिचं म्हणजे तिच्या लेकीच्या होणाऱ्या बाळाची शाल. ती अर्धी होऊन सोफ्याच्या हातावर लोंबत होती. शेजारी वरच्या मजल्यावरच्या बाईंचा क्रोशाचा टेबलक्लॉथ, खुर्चीवर नवऱ्याच्या साहेबांच्या पत्नीचा बिनबाह्यांचा स्वेटर. तो बिनबाह्यांचा नव्हता, बाह्या व्हायच्या होत्या. टीव्हीपाशी शाळेच्या विक्रीसाठीचा लोकरीचा ससा एका कानाने सगळं ऐकत बसला होता. वहिनीला नाही म्हणता येत नाही, हे एव्हाना सगळ्या इमारतीला कळून चुकलं होतं. भीड भिकेची बहीण म्हणतात. वहिनीकडे ती मुक्कामालाच आली होती.

“होतेय. एवढ्यात होईल.”

“तुझं काय बाई, टीव्ही बघता बघता होऊन जातं.” नणंद शालीवरच बसली, आणि मग तिला उशीखालचं टोक दिसलं. “हे काय नवीन?”

बिनबोटांचे हातमोजे. राखाडी लोकरीचे, हाताच्या पाठीवर वेणीची वीण घातलेले. ऑफिसात वहिनीच्या टेबलाच्या बरोबर वर एसीचं तोंड होतं. दिवसभर टाइप करून तिची बोटं अशी आखडायची की संध्याकाळी डब्याचं झाकण उघडायला नवऱ्याला हाक मारावी लागे. असे मोजे तिने याआधीही विणले होते. पहिले नवऱ्याच्या मावशीला आवडले, दुसरे टेबलक्लॉथवाल्या बाईंना. जगाला ऊब देणाऱ्या बाईचे हात गार ते गारच. म्हणून या खेपेला तिने कुणाला सांगितलं नव्हतं. इतरांच्या कामांच्या फटीतून, कधी कुकरची शिट्टी होईपर्यंत, कधी नवऱ्याची अंघोळ होईपर्यंत, असे चार-चार ओळींनी ते पुरे केले होते. शेवटचा दोरा आत ओवायचा तेवढा राहिला होता.

“अय्या, माझ्याच मापाचा आहे की!” नणंदेने एक हातात चढवलासुद्धा. मूठ मिटून पाहिली, उघडून पाहिली. “हे मी नेते हं. तू काय, आणखी करशील. कला हातात आहे तुझ्या.”

वहिनीच्या तोंडात ‘बरं’ तयारच होतं. ते बाहेर पडणार, एवढ्यात नणंदेने दुसरा मोजा चढवला आणि ती खो खो हसत सुटली.

“अगं वहिनी, हे बघ काय करून ठेवलंस! दोन्ही डावेच!”

खरंच होतं. उजव्या हातात अंगठा जागेवर बसला की वेणी तळहातावर येत होती. वहिनीला सारं एका क्षणात कळलं. पहिला समोर ठेवून तिने दुसरा त्याच्याकडे बघून जसाच्या तसा विणला होता. आरशातल्यासारखा उलटून विणायचा असतो, हे शिकाऊ पोरीलाही ठाऊक असतं. एवढे हात विणकामात मुरले, आणि स्वतःचं करताना ही गत. तिला रडू यायला हवं होतं. पण तेवढंही त्राण नव्हतं.

“असू दे गं, चुकतं माणूस,” नणंद मायेने म्हणाली. खरंच मायेने, ती काही वाईट बाई नव्हती. “उसवून नीट कर आणि मग दे. थांब, मीच उसवते, तेवढंच तुझं काम हलकं.”

तिने उजव्या हातातला मोजा काढला, लोंबणारा दोरा धरला आणि ओढला. बंद केलेले टाके सुटले, मग एक ओळ गेली, मग दुसरी. लोकर कुरळी होऊन नणंदेच्या बोटांवर गुंडाळली जाऊ लागली.

“ठेव ते.”

नणंदेने वर पाहिलं. वहिनीनेही पाहिलं, जणू तिसरंच कुणी बोललं होतं.

“अगं, पण चुकलेत ना?”

“चुकू देत. माझे आहेत ते.”

नणंदेने डाव्या हातातलाही काढला आणि दोन्ही मोजे सोफ्यावर ठेवले. शाल सारखी केली, तीही उगाचच. चहा नको म्हणाली. चपला घालताना एवढंच म्हणाली, “तू अशी नव्हतीस गं वहिनी.” दार लागलं, पण या वेळी नीट लागलं.

मागे जाऊन ‘घेऊन जा गं’ म्हणावं असं वहिनीला दोनदा वाटलं. पण मोकळे झालेले टाके पडायच्या बेतात होते, आणि विणणाऱ्या बाईला मोकळे टाके सोडून उठता येत नाही. तिने सुई घेतली, एकेक टाका उचलला. उसवलेलं पुन्हा विणलं नाही. होतं तिथेच बंद केलं, दोरा आत ओवला, पुन्हा उलटा ओवला, आणि अगदी बुडापासून कापून टाकला.

नवरा आतून डोळे चोळत आला, तेव्हा ती दोन्ही मोजे घालून बसली होती. उजवा आखूड झाला होता. पेरं उघडी पडली होती.

“हा उलटा घातलायस का?” त्याने विचारलं. “नक्षी आत गेलीय.”

“उलटा नाही,” वहिनी तळहाताकडे बघत म्हणाली. “माझ्याकडे तोंड करून आहे.”