परदेशी सुनेचा रोल

"कट," प्रीतीनं नवव्यांदा सांगितलं.

चूक एका अक्षराची होती. पोरानं परदेशातून बायको आणली म्हणून सासू रडत बसलेली. नवी सून शिकवलेल्या मराठीत तिला विचारते, "माय, काहून रडून राहिली गा?" बाईला 'वं' म्हणायचं सोडून पुरुषासारखं 'गा' ऐकून सासूला रडता रडता हसू फुटतं. सगळा सिनेमा या हसण्यावर उभा होता. आणि सुनेचं काम करणाऱ्या निनोच्या तोंडून दरवेळी अस्सल 'वं'च निघत होतं.

प्रसंग तिच्याच आयुष्यातला, लिहिलेलाही तिनंच. डॉक्टरकी शिकायला जॉर्जियात गेलेल्या दुर्गेशनं बारा वर्षांपूर्वी डिग्रीबरोबर तिबिलिसीच्या नाटकातली ही नटीही नागपूरच्या महाल भागातल्या घरी आणली. इथं तिला रोल मिळाले ते मेमसाहेबांचे. दारू प्यायची, इंग्रजीत किंचाळायचं आणि मध्यंतराआधी मरायचं. शेवटी वैतागून तिनं स्वतःच स्वतःसाठी मोठा रोल लिहिला, प्रीतीला दिग्दर्शनाला बसवलं आणि घरच्याच स्वयंपाकघरात शूटिंग लावलं. सासूचं काम खुद्द सासूबाईंना, शोभाताईंना दिलं. त्या बिचाऱ्या नऊ वेळा रडून दमल्या होत्या.

प्रीतीनं निनोला बाजूला घेतलं. नजर चुकवत म्हणाली, "निनोताई, तू परदेशी वाटूनच नाही राहिली वं."

इतकी वर्षं वाट पाहिलेला रोल, आणि स्वतःच्याच भूमिकेत ती नापास. शोभाताईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. पण ते वाक्य निनोच्या कानात पुन्हा वाजलं आणि तिला हसू आवरेना. ओटा धरून ती हसत सुटली. परदेशी वाटत नाही! अरे, हेच ऐकायला तर तिनं बारा वर्षं जिवाचं रान केलं होतं.

घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, तशी तेवढ्यात हिमानी दारात आली. चोंबड्या शेजारणीच्या कामासाठी तिला खास बाहेरगावाहून बोलावलं होतं, आणि आठ दिवसांपासून ती वहीत बघून नागपुरी घोकत होती. भीत भीत तिनं विचारलं, "प्रीतीताई, माझा सीन आजच होऊन राहिला का गा?"

शोभाताई हसल्या, डोळ्यांना पदर लावून, अगदी स्क्रिप्टमध्ये लिहिलं होतं तशा.

प्रीतीनं निनोच्या काळ्या केसांकडे, घाऱ्या डोळ्यांकडे पाहिलं आणि शेजारणीचं लुगडं मुकाट्यानं तिच्या हातात दिलं. निनोनं आधी पेन मागितलं. सुनेच्या माहेरापुढचं 'तिबिलिसी' खोडून तिनं तिथं हिमानीचं गाव लिहिलं, 'पुणे'.

बाकी परदेशी सुनेचा एक शब्दही बदलावा लागला नाही.