तोंडभर पाणी

“पुन्हा चावली?” संस्थेच्या बाईंनी सुनेच्या मनगटावरचे दातांचे वण पाहिले. “असंच चाललं तर दत्तक पक्कं होणार नाही. मुलीला परत न्यावं लागेल.”

सुनेच्या डोळ्यांना धार लागली. मुलगी इस्त्रीच्या टेबलाखाली जाऊन बसली.

सासूबाईंनी हातातली इस्त्री उभी ठेवली. “परत न्यायला ती काय मापात न बसलेला सदरा आहे? महिनाभरानं या. पोरीला वळण लावलं नाही तर नाव बदला माझं.”

“मारायचं नाही हं, आजी.”

“मारून वळण लागतं तर गाढवं पंडित झाली असती.”

बाई गेल्या. सासूबाईंनी पेला भरला. तोंडात पाणी धरून कपड्यावर बारीक फवारा मारायचा, ही त्यांची जुनी इस्त्रीची रीत.

“राग आला की तोंडभर पाणी घ्यायचं. गिळायचं नाही, सांडायचं नाही. डोकं निवलं की फवारायचं, पण गिऱ्हाइकांच्या कपड्यांवर नाही, घरच्या चादरीवर. भरल्या तोंडानं ना चावता येतं, ना किंचाळता.”

दुसऱ्याच दिवशी खळीचं पातेलं धुतलेल्या कपड्यांवर पालथं झालं. एकच कल्ला उठला.

“पोरी, पाणी!” सासूबाई गरजल्या.

मुलीचे गाल टम्म फुगले, डोळे वटारले, आणि पाणी भसकन सासूबाईंच्याच तोंडावर आलं.

त्यांनी तोंड पुसलं. “पुन्हा भर.”

दुपारी बटणांची बरणी फुटली. पुन्हा पेला. जेवताना ताट भिरकावलं गेलं. पुन्हा पेला.

“मला नाही जमत!”

“चूळ भरताना बरं जमतं!”

शेजारीण म्हणाली, “रक्ताची नाही हो, वळण लागायचं कसं?”

“तुझी पोर रक्ताचीच ना? ती कुठं वळली?”

हळूहळू पाणी तोंडात टिकू लागलं. चावणं थांबलं. फेकाफेक झालीच तर क्वचित.

महिन्यानं बाई आल्या. त्यांना पाहताच मुलीनं घडी घातलेल्या शर्टांचा ढीग धाडकन खाली लोटला.

सुनेचा हात टेबलावरच्या पेल्याकडं गेला. मुलगी जराशी थांबली, इकडंतिकडं पाहिलं, मग खाली वाकून एकेक शर्ट उचलू लागली.

बाई बघतच राहिल्या. सुनेला म्हणाल्या, “कमाल आहे! कसं आवरलं हिनं?”

सून गप्प. बाईंनी पुन्हा विचारलं.

“थांबा की जरा,” मुलगी शर्ट झटकत म्हणाली. “आई आत्ता नाही बोलणार. तिच्या तोंडात पाणी आहे.”