बांधावरची खुर्ची

आमच्या सावद्याकडे केळी कापणारे स्वतःच्या मनाने एकही घड कापत नाहीत. व्यापाऱ्याचा माणूस बांधावर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून “काप” म्हणतो, तेव्हाच विळा चालतो.

आज तो माणूस आलाच नव्हता. तरी दुपारी मी मळ्यात पोचले, तर निम्मी बाग कापून पडलेली. ते घड अजून महिनाभर भरायचे होते!

“बन्सीलालभाऊ, डोळे फुटले का? कोणी सांगितलं कापायला?”

“साहेब सांगून राह्यले ना, अक्का.” त्याने खुर्चीकडे बोट दाखवलं.

“अहो, खुर्ची रिकामी आहे!”

“ते मले बी दिसतं,” तोच माझ्यावर वैतागला.

तेवढ्यात त्या रिकाम्या खुर्चीतून शांत आवाज आला, “काप.” सगळे विळे एकदम चालले.

माझं डोकंच फिरलं. अकरा महिने पाणी मी दिलं, खत मी घातलं, आणि हुकूम या खुर्चीचा? तरातरा जाऊन मी ती उचलली आणि विहिरीत फेकायला वळले.

“खाली ठेव.”

मी ठेवली. आणि बसणाऱ्याला धूळ लागू नये म्हणून पदराने पुसलीसुद्धा.