स्लो चार्जर

"तुमची एकाहत्तर नंबरची व्हॅन रोज दुपारी दोन-दोन तास एकाच चार्जरवर का उभी असते, हे मला कळेल का?"

तोफेने आवाज होईल तितका जाड केला होता. शेजारी बुटकी तोंडात रुमाल कोंबून हसत होती. चष्मिश फोनच्या स्पीकरला कान लावून बसली होती. तक्रारीचा नंबर व्हॅनच्या पाठीवरच छापलेला होता आणि 'हिंमत असेल तर विचारून दाखव' अशी पैज लागली होती. वक्तृत्वाचं पहिलं बक्षीस मिळाल्यापासून मैत्रिणी तिला तोफ म्हणायच्या, आणि तोफ कुणाच्या बापाला घाबरत नव्हती.

क्लासच्या गॅलरीतून खालचं सार्वजनिक चार्जिंग स्टेशन स्पष्ट दिसायचं. तीनच्या ठोक्याला ही पांढरी व्हॅन यायची. फास्ट चार्जर रिकामा असला तरी कोपऱ्यातल्या स्लो चार्जरलाच लागायची. वरून नुसती टोपीच दिसणारा ड्रायव्हर उतरायचा, वायर खोचायचा आणि मागच्या बोळात गडप व्हायचा. थेट पाचला उगवायचा.

"घोरत पडत असेल मेला," बुटकी म्हणायची.

तोफेला मात्र खरंच राग यायचा. तिचे बाबा त्याच कंपनीत पार्सलची व्हॅन चालवायचे. दीडशे गाड्या, सगळ्या सारख्या. बाबांचा रूट नदीपलीकडचा. असल्या कामचुकारांमुळे बाबांसारख्यांचं नाव खराब होतं, असं तिचं ठाम मत होतं.

"नोंद घेतली आहे, मॅडम," पलीकडून आवाज आला.

मॅडम! तिघी हसून हसून लोळल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबा घरी आले ते हातपाय न धुताच ताटावर बसले. टोपीसुद्धा डोक्यावरच.

"काय झालं?" आईने विचारलं.

"उद्यापासून हायवेवरचा फास्ट चार्जर. पंचवीस मिनिटं, आणि गाडीपाशीच उभं राहायचं. एकाहत्तर नंबरची तक्रार केलीय कुणीतरी."

तोफेने हातातला घास परत ताटात ठेवला. बाबांच्या गाडीचा नंबर तिला कधी माहीतच नव्हता.

"मग अण्णांचं काय?" आई म्हणाली.

अण्णा म्हणजे आजोबा. दोन वर्षांपासून ते एकेक माणूस विसरत चालले होते. मागच्या वेळी हॉस्पिटलमध्ये ते तोफेला बघून ओरडले होते, "ही चोर आहे, हिला बाहेर काढा!" सगळ्या वॉर्डासमोर. तेव्हापासून तिच्यापुढे कुणी त्यांचा विषय काढायचं नाही. चार महिन्यांपूर्वी त्यांना वृद्धांच्या केंद्रात ठेवलं, एवढं तिला माहीत होतं. कुठल्या, ते तिने विचारलंच नव्हतं.

"आजोबांचं काय?" आता तिने विचारलं.

आईने बाबांकडे पाहिलं. मग तीच म्हणाली, "त्या स्टेशनच्या मागच्या बोळात आहे केंद्र. भेटायची वेळ तीन ते पाच. एरवी बाबांची ड्युटी. म्हणून ते रोज पूल ओलांडून तिथे चार्जिंगला जायचे. गाडी भरेपर्यंतचे दोन तास अण्णांचे."

"सुट्टीच्या दिवशी जाईन की," बाबा पुटपुटले.

"आठवड्यातून एकदा? अहो, तुमच्याशिवाय कुणाच्या हातचा चहा घेत नाहीत ते."

"माझ्या नाही गं. ड्रायव्हरच्या." बाबा कसंनुसं हसले. "अण्णांनी जन्मभर ट्रक चालवला ना. माझी टोपी बघून खूश होतात. 'गाडी आली तर आवाज कसा नाही आला?' रोज विचारतात. मी सांगतो, इंजिनच नाहीये तिला. मग हसून हसून ठसका. 'इंजिन नसलेली गाडी! अरे, तुला मालकाने फसवलं रे!' मग चहा. आणि चहा झाला की…"

ते भाताचं एक शीत ताटाच्या कडेला बोटाने सरकवत राहिले.

"की काय?" तोफेने विचारलं.

"की मग रडतात. 'माझा पोरगा मला इथे टाकून गेला, एकदासुद्धा फिरकला नाही.' माझाच हात धरून सांगतात."

"मग तुम्ही काय म्हणता?"

"काय म्हणणार? म्हणतो, कामात असेल हो तो. येईल. तेवढ्याने शांत होतात. डोळा लागतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून."

आईने पदराने नाक पुसलं. कुणीच जेवत नव्हतं.

"फोन मी केला होता," तोफ म्हणाली. आवाज जाड नव्हता आता. होता की नाही, तेही कळलं नसतं. "पैज लावली होती. मला वाटलं, कुणीतरी कामचुकार आहे."

आईने कपाळावर हात मारला. बाबांनी मुलीकडे बराच वेळ पाहिलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"साहेब म्हणत होते," ते हळूच म्हणाले, "बाई फार मुद्देसूद बोलल्या."

त्यांनी टोपी काढली आणि तोंड धुवायला उठून गेले. नळ नुसताच वाहत राहिला.

ते परत आले तेव्हा तोफ दारातच उभी होती. नाक लाल झालेलं, हनुवटी वर.

"उद्यापासून तीन वाजता मी जाणार आजोबांकडे. क्लास सकाळच्या बॅचला नाही मिळाला, तर सुटला."

"अगं, ते तुला ओळखणार नाहीत," बाबा म्हणाले. "पुन्हा ओरडतील. चोर म्हणतील."

"म्हणू देत. त्यांचा मुलगा कामात आहे, हे रोज कुणीतरी त्यांना सांगायला हवं ना, बाबा."