नमुना कोणी निवडायचा

क्षमाने आधी खोल्या बघितल्याच नाहीत. ती सरळ मागच्या मोरीकडे गेली आणि बेडपॅन कुठे धुता म्हणून विचारलं.

"लोक आधी देवघर बघतात," नलिनीताई म्हणाल्या. मुलुंडचं हे शुश्रूषागृह त्यांचंच. आधी त्या इस्पितळात नर्स होत्या.

"देवघर सगळीकडे स्वच्छच असतं," क्षमा म्हणाली.

बेडपॅन धुऊन उन्हात पालथे घातले होते. फिनाइलचा वास होता, दुसरा कसलाच नव्हता. क्षमाला जरा नवल वाटलं. बाळने वेगळंच सांगितलं होतं.

बाळ तिचा धाकटा भाऊ. गुहागरला त्याचं किराणा दुकान होतं आणि आई त्याच्याकडे असायची. मालखरेदीला मुंबईत आला की तो पार्ल्याला क्षमाकडे जेवायचा. येताना आईने घातलेली आमसुलं आणायचा. गेल्या खेपेची कडक निघाली, दुकानातल्यासारखी.

"आईचा हात थकला आता," बाळ म्हणाला होता.

"मी येऊन जाते रे. सासूबाई अर्धांगाने पडल्यापासून आईचं तोंड बघितलं नाही मी."

"आणि त्यांना कोण बघणार? आई मजेत आहे. रोज तुझं नाव काढते."

"मग दुकानातल्या फोनवर तरी आण तिला."

"तेवढं चालवत नाही गं तिला."

त्याच जेवणात क्षमाने शुश्रूषागृहाचा विषय काढला. बाळचा घास हातातच राहिला.

"म्हातारं माणूस परक्यांच्यात ठेवणार? आपल्याकडे कोणी केलंय असं? मी आईला सांभाळतोच ना? कधी कुरकुरलो?"

"तुझी बायको घरी असते. मी नोकरी करते."

"ठेव बाई, तुझं घर, तुझी सासू. पण मुलुंडला नको हां. एका गिऱ्हाइकाचे वडील होते तिथे. आत पाऊल टाकवत नाही, इतकी घाण."

म्हणून क्षमाने मुलुंड शेवटी ठेवलं होतं. मालाडच्या जागेत एका आजोबांच्या पाठीला जखम दिसली. घाटकोपरला पेशंटना दुपारीच झोपेचं औषध देत होते. आता ही एकच जागा उरली होती. सासूबाईंना सांभाळणारी बाई गावी चालली होती आणि क्षमाची रजा संपत आली होती.

"तू बघून आलीस की मी जाईन," सासूबाई वाकड्या जिभेने म्हणाल्या होत्या. "विद्याधरला काय कळतंय त्यातलं!"

विद्याधर, त्यांचा मुलगा, शेजारीच बसला होता. निवड चुकली तर सासूबाईंना धड तक्रारही करता येणार नव्हती. त्यांचं बोलणं घरातल्या माणसांनाच जेमतेम कळायचं.

नलिनीताई तिला पुढच्या दालनात घेऊन गेल्या. स्वच्छ लुगडी, पावडर लावलेले चेहरे, उशाशी रेडिओ. एक आजी पत्ते पिसत बसल्या होत्या.

"यांचे नातेवाईक येतात?" क्षमाने विचारलं.

"दर रविवारी."

क्षमा अंधेरीला औषधांच्या कारखान्यात माल तपासायची. माल देणाऱ्याने स्वतः काढून दिलेला नमुना ती घेत नसे. गोणीच्या तळात आपला हात घालायचा, हे तिच्या अंगवळणी पडलं होतं.

"भेटायला कोणीच येत नाही असं कोणी आहे का तुमच्याकडे?" ती म्हणाली. "मला ते माणूस दाखवा."

दारात उभी असलेली आया, शेवंती, हसली. "बाय तर फौजदारच हत!"

नलिनीताई हसल्या नाहीत. त्यांनी क्षमाकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "या."

मागच्या खोलीत खिडकीशी एकच खाट होती. तिच्यावर एक बाई भिंतीकडे तोंड करून झोपली होती. केस बारीक कापलेले, डोळ्यांवर उजेड नको म्हणून पदर ओढून घेतलेला.

"मुलगा आणून सोडून गेला," नलिनीताई हळू आवाजात म्हणाल्या. "नंतर येतो ते ऑफिसातच. आत येत नाही. रडते म्हणतो."

"आणखी कोणी नाही?"

"मुलगी आहे, अमेरिकेत. तिने संबंधच ठेवला नाही. आईचं नावही काढत नाही, असं मुलगा सांगतो."

"अशाही मुली असतात," क्षमा म्हणाली.

तिने पायांवरची चादर अलगद वर केली. टाचा मऊ होत्या, नखं कापलेली. घोट्याचं हाड टेकतं तिथे कापसाची गादी ठेवली होती. तिने अंगठ्याने कातडी दाबली. पांढरी झाली, लगेच लाल झाली. पाठीखाली हात घातला. चादर कोरडी होती, एक सुरकुती नव्हती. उशाशी पाणी होतं, हाताला येईल असं.

"कूस कोण बदलतं?"

"मीच," शेवंती म्हणाली. "झोपेत असली तरी हुं म्हणता. शानी आसा म्हातारी."

क्षमाने चादर पुन्हा नीट केली. कितीतरी दिवसांनी तिचे खांदे सैल झाले. ज्या माणसाची चौकशी करायला कोणी नाही, त्याचीही टाच इथे कोणीतरी बघत होतं. बाळ चुकला होता. लहानपणापासून तो ऐकीव गोष्टी छातीठोक सांगायचा. आज जाऊन त्याला दुकानावर फोन करायचा आणि आईला सगळं सांग म्हणायचं, असं तिने ठरवलं.

"ठरलं," ती म्हणाली. "सासूबाईंना मी सोमवारी घेऊन येते."

खाट करकरली. त्या बाईने कष्टाने मान वळवली, डोळ्यांवरचा पदर बाजूला केला आणि आवाजाच्या दिशेने हात पुढे केला.

"क्षमे," ती म्हणाली, "अमेरिकेतनं कधी आलीस गो?"