मानाची खुर्ची

"खुर्ची मागून मिळत नाही, बाई. मिळवावी लागते."

मुख्याध्यापक हसले आणि आपल्या फिरत्या खुर्चीत डावीकडून उजवीकडे वळले. टेबलासमोर भूगोलाच्या बाई उभ्या होत्या. सातवा महिना लागला होता. पावलं सुजून चपलेच्या पट्ट्यांबाहेर आली होती.

"सर, जास्त वेळ उभं राहू नका म्हणून डॉक्टरांनी बजावलंय. मागच्या खेपेला याच सुमाराला..."

"मी समजू शकतो हो. पण तुम्हाला दिली की उद्या प्रत्येकाचं काही ना काही दुखायला लागेल. मग प्रेरणेचं काय करायचं?"

वर्षाच्या सुरुवातीलाच त्यांनी वर्गावर्गातून शिक्षकांच्या खुर्च्या उचलायला लावल्या होत्या. अडगळीच्या खोलीत एकावर एक रचून वर कुलूप. शिक्षक बसला की वर्ग झोपतो, असं त्यांचं म्हणणं. एकच खुर्ची बाहेर ठेवली. तिला लाल गादी शिवून घेतली आणि नाव दिलं, मानाची खुर्ची. महिनाभर ज्याचा उत्साह डोळ्यांत भरेल, त्याच्या वर्गात ती जायची. रोज सकाळी सगळ्यांना आपल्या खोलीत अर्धगोलात उभं करून ते सांगत, "तुमच्यातलं एक कोणीतरी पुढे या. एकाला बघून बाकीचे शिकतात. प्रेरणा म्हणजे आणखी काय असतं?" व्हरांड्याच्या टोकाला 'एकाला बघून बाकीचे शिकतात' हे वाक्य त्यांनी मोठ्या अक्षरांत रंगवून लावलं होतं.

"पुढच्या वर्षी फरशी काढतील," चित्रकलेचे सर मागून पुटपुटत. "मग तरंगत तरंगत शिकवू."

सगळे ओठ दाबून हसत. मग घंटा होई आणि सगळे मुकाट्याने आपापल्या वर्गात जाऊन उभे राहत. बाईंना मुख्याध्यापकांचा राग यायचाच, पण या दाबलेल्या हसण्याचा त्याहून जास्त यायचा.

या महिन्यात खुर्ची शेजारच्या वर्गात होती, गणिताच्या सरांकडे. सर कायम ताठ, म्हणून मुलं त्यांना काटकोन म्हणत. काटकोन सर त्या खुर्चीत बसत नसत. तिच्यावर जेवणाचा डबा ठेवत.

मुख्याध्यापकांच्या खोलीतून बाई थेट त्यांच्याकडे गेल्या.

"सर, तुम्ही तर बसत नाही. मला द्या ना ती."

सरांची नजर दाराकडे गेली. "वर्गाबाहेर गेली की मला मेमो, बाई. निवृत्ती तोंडावर आलीय. आता या वयात कशाला..." त्यांनी खडू उचलला आणि फळ्याकडे तोंड फिरवलं.

"डब्याला खुर्ची मिळते," बाई म्हणाल्या. "मला नाही."

सरांचा खडू फळ्यावर थबकला. पण ते वळले नाहीत.

आपल्या वर्गात येईपर्यंत बाईंची कानशिलं तापली होती. "नकाशे काढा," त्या म्हणाल्या आणि तेवढ्यात पोट दगडासारखं कडक झालं. त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली. मागच्या वेळीही असंच सुरू झालं होतं. तेव्हाही त्या वर्गातच होत्या, उभ्या. तेव्हाही दोन्ही बाजूंच्या वर्गांत नीट शिकवणं चाललं होतं.

पोट हळूहळू सैलावलं. बाळ हललं. बाईंनी कोंडलेला श्वास सोडला.

मग त्यांनी टेबलावरचा पृथ्वीचा गोल उचलला, भिंतीला पाठ टेकवली आणि सरकत सरकत खाली फरशीवर बसल्या. पाय लांब केले.

पहिल्या बाकावरची मुलगी वाकून बघायला लागली. "बाई, पडलात?"

"पडले नाही गं. बसले."

"खाली?"

"खाली. आता समुद्र कुठे कुठे आहेत ते दाखव बघू."

थोड्या वेळाने मुख्याध्यापक फेरीला निघाले. दाराच्या काचेतून त्यांना मुलं दिसली, फळा दिसला, बाई दिसल्या नाहीत. त्यांनी दार ढकललं.

"हा काय तमाशा लावलाय? उठा! आधी उठा!"

आवाज व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेला. शेजारच्या वर्गातला पाढा बंद पडला.

"नाही उठणार," बाई म्हणाल्या. त्यांचाही आवाज, वर्षात पहिल्यांदाच, तेवढ्याच लांब गेला. "खुर्ची काढलीत. आता फरशी काढता येते का बघा."

"मेमो काढतो तुमच्या नावाने!"

"काढा. पण नीट बसून काढा, सर. घाईत चुका होतात."

मुलं हसली. ओठ दाबायचं त्यांना कोणी शिकवलं नव्हतं.

मुख्याध्यापक दार आपटून बाहेर पडले. शेजारच्या वर्गातला पाढा पुन्हा सुरू झाला होता. त्यांनी काचेतून डोकावलं. मुलं होती, फळा होता. त्यांनी दार उघडलं. काटकोन सर फरशीवर बसले होते, पाठ तशीच ताठ. एक गुडघा वाकत नव्हता म्हणून तो पाय सरळ पुढे. शेजारी लाल गादीची खुर्ची, तिच्यावर डबा. मुख्याध्यापकांकडे न बघता सर मुलांना म्हणाले, "थांबलात का? पुढे म्हणा."

पुढच्या वर्गाच्या काचेत फळ्यावर अर्धवट काढलेला घोडा होता. चित्रकलेचे सर नव्हते. त्यांचा आवाज मात्र येत होता, खालून. त्याच्या पुढच्या काचेतही कोणी नाही, आणि आवाज येतोय. मुख्याध्यापक भराभर चालू लागले. एकेक काच मागे पडत गेली. प्रत्येक वर्गात शिकवणं चाललं होतं, रोजच्यापेक्षा जरा मोठ्यानेच.

व्हरांडा संपला. स्वतः रंगवून घेतलेल्या वाक्याखाली मुख्याध्यापक थांबले.

अख्ख्या शाळेत आता एकच माणूस उभा होता.